बजोरला भ्याड म्हणू नका

'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' या अंतराळातल्या टीव्ही मालिकेचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, त्यातल्या बजोर ग्रहाने कच खाल्ली. ऐन युद्धाच्या तोंडावर फेडरेशनला, म्हणजे पृथ्वी ज्यात आहे त्या ग्रहसंघाला, सोडून शत्रूशी अनाक्रमणाचा करार केला. मला हे अजिबात पटत नाही. बरेच दिवस मनात आहे, आज लिहूनच टाकते.

बजोर आहे कुठे ते आधी बघा. कार्डेसियन हद्दीला अगदी खेटून. सुमारे पन्नास वर्षं कार्डेसियनांनी हा ग्रह ताब्यात ठेवला, होतं नव्हतं ते उपसून नेलं, माणसांना राबवून राबवून मारलं. मालिका जिथे घडते ते अंतराळस्थानकही त्यांचंच. बजोरच्या लोकांना तिथे खनिज शुद्ध करायला जुंपलेलं असायचं. १९९३ मध्ये पहिला भाग आला, त्यात कार्डेसियन नुकतेच निघून गेलेत, तेही स्थानकाची नासधूस करून. मग तिथेच वर्महोल, म्हणजे अंतराळातला जणू बोगदाच, सापडतं, थेट ७० हजार प्रकाशवर्षांपलीकडे उघडणारं, आणि काल कोणी ढुंकूनही न बघितलेला ग्रह एकदम सगळ्यांना हवासा होतो.

त्याच वाटेने डोमिनियन हे पलीकडचं बलाढ्य साम्राज्य येतं. पाचव्या सीझनमध्ये कार्डेसिया त्यांना जाऊन मिळतो. म्हणजे जुना धनी दुप्पट ताकद घेऊन पुन्हा दारात! आणि करार करा, हा सल्ला कोणाचा? खुद्द सिस्कोचा, स्थानक सांभाळणाऱ्या फेडरेशनच्याच कॅप्टनचा. स्टारफ्लीटला, म्हणजे फेडरेशनच्या अंतराळदलाला, स्थानक सोडावं लागणार हे त्याला दिसत होतं. बजोरने ग्रह उचलून कुठे न्यायचा होता? सिस्को जाताना टेबलावर आपला बेसबॉल ठेवून जातो, परत येणार म्हणून. मग कार्डेसियनांचा सेनानी डुकाट येतो आणि तो चेंडू हातात घेऊन बघत बसतो.

स्थानकावरची बजोरची अधिकारी कीरा मात्र तिथेच राहते. सहाव्या सीझनमध्ये ती रोज सकाळी उठते, आवरते, कार्डेसियनांच्या शेजारी उभी राहून लिफ्टने कामावर जाते. शांतता राखायची, करार पाळायचा. एक वृद्ध धर्मगुरू, वेडेक यास्सीम, याचा निषेध करते आणि भर चौकात सगळ्यांसमोर जीव देते. पुन्हा सकाळ होते. तेच उठणं, तेच आवरणं. पण या वेळी कीराला आरशात स्वतःकडे बघवत नाही. हा प्रसंग मी तीनदा पाहिलाय, तिन्ही वेळा पोटात कालवलं. माझी मुलगी शेजारी बसली होती. म्हणाली, "आई, ही निघून का नाही जात?" मी म्हटलं, "अगं, घर आहे ना तिचं ते."

यास्सीमही बरोबर होती असं मला मनापासून वाटतं. पण करारामुळे कोट्यवधी माणसं जगली, हेही तितकंच खरं. आणि कीरा गप्प बसली का? तिनेच स्थानकावरच्या ओडो, जेक आणि रॉम यांच्याबरोबर आतून प्रतिकार उभा केला. शेवटी स्थानकाची शस्त्रं बंद पाडली ती तिने आणि रॉमने, आतूनच.

मालिकेबद्दल माझी तक्रार एकच. त्या महिन्यांतला बजोर आपल्याला जवळजवळ फक्त स्थानकावरूनच दिसतो. खाली कीराच्या दाखुर प्रांतात तेव्हा पेरण्या झाल्या का, लोक घरात दबक्या आवाजात काय बोलत होते, पोरांना कार्डेसियनांबद्दल काय सांगत होते, हे मला बघायचं होतं. त्यावर एक अख्खा भाग हवा होता.