भाडेकरूचा पसारा आणि मालकाचं नाक

मे संपत आला की पुण्यात गल्लोगल्ली छोटे टेम्पो दिसायला लागतात. गाद्या, कूलर, दोरीने आवळलेलं कपाट आणि वर कसाबसा बसलेला एक पोरगा. टेम्पो गेला की मागे घरमालकांचा मोसम सुरू होतो. रिकाम्या फ्लॅटचे फोटो फिरायला लागतात, ओट्याखालचे, संडासाचे, बेसिनच्या नळाचे, आणि खाली ठरलेली ओळ: "काय एकेक लोक असतात बघा!"

मीही त्याच पंथातली. कर्वेनगरला आमचा वन बीएचके आहे, बरीच वर्षं भाड्याने देते. नोकरी करणारी पोरं, नवं लग्न झालेली जोडपी, एक रिटायर्ड काका, सगळे राहून गेलेत. त्यामुळे मालकांच्या बाजूला बसूनच लिहितेय, पण मालकांना आवडेलच असं नाही.

माझं म्हणणं एवढंच: पसारा भाडेकरूचा, नुकसान मालकाचं. पहिल्यावर आपण बोलायचं नाही आणि दुसऱ्यावर गप्प बसायचं नाही. आपली मंडळी नेमकं उलटं करतात. भाडं घ्यायच्या निमित्ताने घरात शिरायचं, सोफ्यावरच्या कपड्यांच्या ढिगाकडे बघून नाक मुरडायचं, "अंथरुणं अजून तशीच का?" विचारायचं. बेसिनखाली वाकून मात्र कुणी बघत नाही. अंथरुणं दुपारपर्यंत पडून राहिल्याने भिंत खचत नाही हो. बेसिनखालचा पाइप ठिबकत राहिला तर ट्रॉल्या कुजतात, झुरळं होतात आणि खालच्या मजल्यावरच्या काकू थेट मालकाला फोन लावतात.

एकदा चार पोरांनी घर सोडलं तेव्हा मी किचनच्या चिमणीखाली उभी राहिले. चिमणीला तेल जमायची एक वाटी असते. ती ओसंडून वाहिली होती. ओघळ टाइल्सवरून ओट्यापर्यंत उतरलेला, पिवळा, घट्ट, आणि त्यात फोडणीतली मोहरी चिकटलेली. ती वाटी काढता येते हेच एकालाही माहीत नव्हतं. ड्राय बाल्कनीत, म्हणजे भांडी-धुण्याच्या छोट्या बाल्कनीत, नहाणी ट्रॅपची, म्हणजे पाणी जायच्या भोकावरची, जाळी काढून बाजूला ठेवलेली, कारण म्हणे "जाळी लावली की पाणी तुंबतं." तुंबणारच ना, कचरा अडवणं हेच तिचं काम! जाळी काढल्यावर भात, चहाचा चोथा, केस, सगळं आत गेलं आणि प्लंबरला पाइप खोलायला लागला. चिमणीची सर्व्हिस, प्लंबर आणि साफसफाई मिळून साडेसहा हजारांच्या आसपास गेले. तिन्ही बिलांचे फोटो पोरांना पाठवले, तेवढे डिपॉझिटमधून कापले, बाकीचे त्याच दिवशी परत केले. "तुमच्या आयांनी हेच शिकवलं का?" हे वाक्य जिभेवर आलं होतं, ते तिथेच ठेवलं. त्याचं बिल मला मिळालं नसतं.

तेव्हापासून किल्ली देताना घर दाखवते म्हणजे खरोखर दाखवते. ही वाटी, ही जाळी, हा पाण्याचा मेन कॉक, हा विजेचा एमसीबी. कचरा न्यायला 'स्वच्छ' संस्थेचे लोक सकाळी येतात, ओला-सुका वेगळा द्यायचा. मग भाडेकरूच्याच मोबाइलवर त्याच्याच हाताने सगळ्या घराचा व्हिडिओ काढायला लावते आणि मला पाठवायला सांगते. एक रिटायर्ड काका सोडले तर आजवर कुणी याला "मला शिकवू नका" म्हटलेलं नाही.

आता गंमत ऐका. मला सगळ्यात महागात पडलेली भाडेकरू सगळ्यात स्वच्छ होती. फरशीत तोंड दिसावं असं घर. आमच्याकडे बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी, नळाभोवती क्षारांचा पांढरा थर धरतो. तो बाईंना सहन होईना. सुट्टीच्या दिवशी बाथरूममध्ये ॲसिड ओतून घासायच्या. टाइल्स लखलखीत, पण मधल्या सांध्यातलं सिमेंट खाऊन गेलं आणि पाणी झिरपत खालच्यांच्या छतावर उतरलं. अख्खं बाथरूम उकरून वॉटरप्रूफिंग करावं लागलं. आमच्या ओळखीतल्या तमाम मालकांनी या बाईंना "अशी भाडेकरू मिळायला भाग्य लागतं" असं सर्टिफिकेट दिलं असतं. म्हणून म्हणते, नाकावर भरवसा ठेवू नका, सांधे बघा.

बघायचं तर कसं, यावर कायदा आहे आणि तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ प्रमाणे मालकाला जागा पाहायचा हक्क आहे, जागा लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना करारावर, दिलेली असली तरी. पण आधी कळवून आणि रास्त वेळी. डुप्लिकेट किल्लीने परस्पर दार उघडून फ्रिजमध्ये डोकावणं यात बसत नाही. मी दोन-तीन महिन्यांनी जाते, आधी मेसेज टाकून, त्यांच्या सोयीने. किचन, बाथरूम, ड्राय बाल्कनी, झालं. बेडरूमच्या दाराशी उभं राहून छताचे कोपरे दिसतात, तेवढे पुरतात. आणि "घर साफ करत नाहीत तोवर पाणी बंद" असले उद्योग करणाऱ्यांनी त्याच कायद्याचं कलम २९ वाचावं. योग्य कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी-वीज तोडता येत नाही, आणि तुमचा राग हे कारण नव्हे.

करारात मात्र हे सगळं आधीच लिहून घ्या. एजंटच्या छापील करारात "जागा सुस्थितीत परत करणे" एवढंच असतं. सुस्थिती म्हणजे काय, यावरच मग डिपॉझिटच्या दिवशी घोडं अडतं. पेस्ट कंट्रोल कुणी करायचं, चिमणी किती महिन्यांनी साफ करायची, तुंबलेल्या पाइपचा खर्च कुणाचा, या चार ओळी घालायला एजंट कुरकुरतो. कुरकुरू दे. करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कलम ५५ नुसार बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकावर आहे. नोंदणीच केली नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू काय सांगतो ते आधी धरलं जातं. मग बसा चिमणीचे फोटो दाखवत.

आता मालकांच्या घाणीबद्दल. हो, असते. ओळखीतल्या एका गृहस्थांनी वरच्या मजल्यावरचा फ्लॅट एका जोडप्याला दिला होता. पावसाळ्यात बेडरूमच्या वरच्या कोपऱ्यात काळी बुरशी, रंगाचे पोपडे, कपाटातले कपडे कुबट. मालक म्हणाले, "तुम्ही खिडक्या उघडत नाही, घर अस्वच्छ ठेवता." ती मुलगी बिचारी व्हिनेगरने भिंत पुसत बसायची, आठवड्यात डाग पुन्हा हजर. इथे खरोखरच पाणी मुरत होतं, गच्चीतून. फरक ओळखायला इंजिनिअर लागत नाही. कपाटामागे, बाथरूमच्या छतावर बारीक काळे ठिपके आले, तर हवा खेळत नाही असं समजा, तिथे भाडेकरूला खिडकी उघडायला सांगणं रास्त आहे. छताच्या कोपऱ्यात किंवा बाहेरच्या भिंतीवर, पावसाबरोबर वाढणारी ओल आणि पोपडे असतील तर दुखणं इमारतीचं आहे. सोसायटीकडे भांडायला मालकाने जायचं. भाडेकरूला सोसायटीच्या सभेत कोण विचारतो?

रंगाचंही तेच. घर सोडताना "पेंटिंगचे" म्हणून एक भाडं सरसकट कापायचं, ही जणू वहिवाट झाली आहे. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्याच्या परिशिष्टात कामांची वाटणी दिली आहे: भिंतींचा रंग आणि दारं-खिडक्यांचं पेंटिंग मालकाकडे, नाल्या साफ करणं, नळाचे वॉशर, किचनच्या फिटिंगची दुरुस्ती भाडेकरूकडे. निवासी जागेसाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं. आपल्या करारावर तो मसुदा आपोआप लागू होत नाही, मान्य. पण वाटणी शहाणपणाची आहे. तीन वर्षं माणूस राहिला तर भिंत मळणारच, ते भाडं कशाचं घेतलं मग? भिंतीवर पोराने मार्करने आगगाडी काढली असेल तर वेगळी गोष्ट, ती भिंत बिलात धरा.

आणि एक राहिलं, जे फोटोंखाली कुणी लिहीत नाही. "आम्हाला स्वच्छ लोक पाहिजेत" हे वाक्य एजंटला सांगितलं की तो आडनावं गाळायला लागतो. स्वच्छ म्हणजे व्हेज, स्वच्छ म्हणजे अमुक जातीचे, अमुक धर्माचे नकोत, एकटी मुलगी नको. माझं माहेर मालवणकडचं. सुकट भाजल्याचा वास दोन मजले जातो, खिडकी उघडली की तासाभरात निघूनही जातो. त्याला घाण म्हणणाऱ्यांच्या घरी चिमणीची वाटी कधी निघालेली असते का, हे मला एकदा बघायचंय. पसाऱ्यातही न्याय सारखा नसतो. पोरांच्या खोलीला "बॅचलर आहेत, चालायचंच" आणि तेवढाच पसारा नोकरी करणाऱ्या बाईच्या घरात दिसला की "बाई असून!" अहो, घरात नवरापण राहतो, त्याचे हात कुठे गेले?

खरोखर हाताबाहेर गेलेली घरंही असतात. दारापर्यंत रचलेल्या पिशव्या, महिनोन्महिने न उघडलेली खिडकी, जिन्यापर्यंत येणारा वास. असा माणूस आळशी असतोच असं नाही, बरेचदा तो आजारी असतो किंवा पार एकटा पडलेला. अशा वेळी फोटो काढून फिरवणाऱ्या मालकाचा मला खरंच संताप येतो. करारावर त्याच्या घरच्या कुणाचा तरी नंबर घेतलेला असतो, तो कशासाठी? फोन करा, भावाला बोलवा, बहिणीला बोलवा. साफसफाईवाले नंतर.

बाकी साध्या हट्टी भाडेकरूचं औषध अकरा महिन्यांच्या करारातच दडलेलं असतं. दोनदा लेखी सांगायचं, काय बिघडतंय ते फोटोसकट, किती दिवसांत करायचं ते तारखेसकट. नाहीच ऐकलं तर करार पुढे वाढवायचा नाही. मुदत संपून जागा सोडली नाही तर कलम २४ आहेच, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाई लागते. आरडाओरडा करायची गरज नाही, जिन्यात उभं राहून त्याचे संस्कार काढायची तर अजिबातच नाही.

ता. क. ड्राय बाल्कनीतली कबुतरं भाडेकरूने पाळलेली नसतात. जाळी मालकाने लावायची, आपल्या खर्चाने. यावर माझ्याशी वाद घालायचा असेल तर आधी आपल्या फ्लॅटच्या डक्टमध्ये एकदा डोकावून या.