इडिपस गर्वामुळे बुडाला, हे खरं नाही

‘इडिपस गर्विष्ठ आणि तापट होता म्हणून त्याचा नाश झाला. शोकांतिकेच्या नायकात असा एक दुर्गुण असतोच, हा ॲरिस्टॉटलचाच नियम आहे.’ परीक्षेच्या नोट्सपासून यूट्यूबपर्यंत हे सगळीकडे ऐकू येतं. सोफोक्लीजच्या ‘इडिपस राजा’ या ग्रीक नाटकावर हा उघड अन्याय आहे. त्यात थीब्ज नगरीचा राजा इडिपस नकळत बापाला मारून आईशी लग्न करून बसलेला असतो आणि नाटकात त्याला ते कळतं.

आधी ॲरिस्टॉटल. ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणात तो म्हणतो की नायक कोसळावा तो दुष्टपणामुळे नव्हे, हातून घडलेल्या एखाद्या चुकीमुळे. उदाहरण म्हणून नाव इडिपसचंच घेतो. ही चूक कशी असते, याचा अंदाज त्याच्या नीतिशास्त्रावरून येतो. तिथे अजाणता केलेल्या कृत्यांबद्दल तो लिहितो: मारणाऱ्याला समोर माणूस आहे एवढं ठाऊक असतं, तो आपला बाप आहे हे ठाऊक नसतं, असं घडू शकतं.

‘पण तिठ्यावर त्याने रागाच्या भरात खून केले ना?’ केले, आणि तो राग भयंकर होता. मात्र आधी लायस, म्हणजे त्याने न ओळखलेला बाप, आणि लायसचा गाडीवान त्याला जबरदस्तीने रस्त्यावरून हटवू पाहत होते. इडिपसने गाडीवानाला मारलं, तेव्हा लायसने त्याच्या डोक्यात दुटोकी पराणी हाणली. शिवाय लायस मुलाच्या हातून मरेल हे भाकीत मुलाच्या जन्माआधीचं. जो जन्मलाच नव्हता, त्याच्या स्वभावाची ही शिक्षा कशी असेल? टायरेसियस या आंधळ्या द्रष्ट्याला तो वाटेल ते बोलतो, मेहुणा क्रेऑनवर नाहक संशय घेतो, हे दोष खरेच. पण तोवर बाप मेलेला आहे, आईशी लग्नही झालेलं आहे. नम्र असता तरी त्यातलं काहीच बदललं नसतं.

‘म्हणजे तो नियतीच्या हातचं बाहुलं?’ तेही नाही, आणि नाटकाचा जीव इथेच आहे. त्याला सत्य कळेलच, असं बाप आणि आईबद्दलच्या त्या जुन्या भाकितांत नव्हतं. थीब्जमध्ये साथीने माणसं मरताहेत आणि आधीच्या राजाचा, लायसचा, मारेकरी सापडला तरच ती जाईल असं देववाणी सांगते, म्हणून तो लायसच्या मारेकऱ्याचा शोध घेतो. ‘लायस माझाच बाप असावा, तसा मी त्याच्यासाठी लढेन,’ असं तो जाहीर करतो. प्रेक्षकाला सगळं ठाऊक असतं, म्हणून हे वाक्य ऐकवत नाही. त्या क्षणी त्याच्या तोंडून गर्व बोलत नसतो, प्रजेची काळजी बोलत असते. आईशी लग्न होईल ही त्याची भीती घालवायला कॉरिंथचा निरोप्या ‘पॉलिबस (इडिपसला वाढवणारा कॉरिंथचा राजा) तुझा बाप नव्हताच’ असं सांगतो आणि तिथूनच सगळं उलटतं. ओळख आणि उलथापालथ अशी एकत्र यावी, म्हणून ॲरिस्टॉटल हाच प्रसंग दाखवतो. योकास्टाला, त्याच्या बायकोला म्हणजेच आईला, आधी उमगतं आणि ती ‘आता थांब’ म्हणून विनवते. तो थांबत नाही. तान्ह्या इडिपसला दुसऱ्याच्या हवाली करणारा म्हातारा मेंढपाळ म्हणतो, आता मला ते भयंकर बोलावं लागणार. इडिपस उत्तरतो, आणि मला ऐकावं लागणार; पण ऐकायलाच हवं.

राहिला डोळे फोडून घेण्याचा मुद्दा. ती देवाने दिलेली शिक्षा, असंही सांगतात. इडिपस स्वतः वेगळं सांगतो: ही दुःखं अपोलो देवाने आणली, डोळ्यांवर घाव घालणारा हात मात्र माझाच होता.