आवड आधी की बांधिलकी आधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आवड आयती सापडत नसते, ती बांधिलकीतून आणि नव्या अनुभवांच्या धाडसातून घडत जाते, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावरची आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिखटही आहे. म्हणून तिचे उत्तर दोन ओळींत उरकणे मला योग्य वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे: एका गोष्टीला बांधून घ्या आणि नवे काही करण्याचे धाडसही करा, हे दोन सल्ले एकमेकांना छेद देतात. शिवाय हा सल्ला ठरलेल्या तारखेला पगार हाती पडणाऱ्यांसाठी आहे. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात बारा तास यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या कामगाराला तो ऐकवणे ही थट्टा आहे. आणि असल्याच लेखनाच्या नादाने आपल्या पुतण्याने अभियांत्रिकीचे शिक्षण दुसऱ्या वर्षी सोडले, छायाचित्रण धरले, तेही सोडले आणि आता तो तिसऱ्या आवडीच्या शोधात आहे. शेवटी आपण लिहिता, "मी जन्मात कधी आवड शोधली नाही. वडील गड्ड्याच्या यात्रेत काठी पेलत होते म्हणून मीही पेलली, आणि त्यात मी समाधानी आहे."

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या लेखाची बाजू ते माझ्यापेक्षा चांगली मांडते. गड्ड्याची यात्रा म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा; तिच्यातील सात नंदीध्वज, म्हणजे आपण म्हणता त्या उंच, जड काठ्या, संक्रांतीच्या दिवसांत शहरातील अडुसष्ट लिंगांच्या वाटेने निघतात, तेव्हा बघणाऱ्याला फक्त बाराबंदीतला सोहळा दिसतो. त्याआधी कित्येक रात्री सरावाच्या काठीवर घाम गाळलेला असतो, हे आपल्याला मी सांगायला नको. पहिल्या वर्षी कंबर आणि दंड भरून येतात, तोल सुटतो, जाणती माणसे चारचौघांत बोलतात. त्या दिवसांत कोणा पोराला काठीची ओढ लागलेली असेल असे मला वाटत नाही. तो येतो, कारण घरात तसे ठरलेले असते. ओढ लागते ती तोल थोडाफार साधू लागल्यावर. म्हणजे आपल्या बाबतीत बांधिलकी आधी आली आणि समाधान मागून आले. याहून वेगळे काही मी लिहिले नव्हते. आपल्याला ती बांधिलकी वडिलांकडून मिळाली, आणि ज्यांना असा वारसा नाही त्यांनी टिकून राहण्याचा शब्द स्वतःच स्वतःला द्यावा, एवढीच माझी पुस्ती होती.

आपल्या पुतण्याची अडचण नेमकी इथेच असावी, असा माझा तर्क आहे. 2018 मध्ये पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकात लोकांना आधी कृष्णविवरांविषयीची एक सोपी, रंजक चित्रफीत दाखवली. ती बहुतेकांना आवडली. मग त्याच विषयावरचा एक अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. ज्यांची समजूत अशी होती की आवड माणसात तयारच असते आणि ती फक्त ओळखायची असते, त्यांचा रस या लेखाने अधिक ओसरला. आवड वाढवता येते असे मानणाऱ्यांचा त्या मानाने टिकला. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. अंगभूत आवड असेल तर कष्ट जाणवणारच नाहीत, असे एकदा मनात बसले की पहिल्या अवघड वळणावर माणूस स्वतःला सांगतो, 'म्हणजे ही माझी आवड नव्हेच.' आणि तो पुढच्या दाराकडे वळतो. छायाचित्रण सोडण्याच्या सुमारास पुतण्याचे नेमके काय अडले होते, हे आपण एकदा शांतपणे विचारावे. ते काम त्याला नकोसे झाले होते, की त्यातला सोपा भाग संपला होता?

आता बांधिलकी आणि धाडस यांच्यातल्या परस्परविरोधाविषयी. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच जणांच्या वैद्यकीय पथकात होते, हे इथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आपण त्यांच्या जाण्याचे धाडस आठवतो. मला मात्र त्यांचे तिथे राहणे अधिक मोलाचे वाटते. पथकातील बहुतेक सहकारी एकेक करून मायदेशी परतत असताना ते आठव्या मार्ग सेनेबरोबर, म्हणजे जपानशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्टांच्या सैन्याबरोबर, थांबले, चिनी भाषा शिकले आणि 1941 मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. परकी भाषा, अपुरी साधने आणि युद्धभूमीवरच्या शस्त्रक्रिया, हे सगळे नवे अनुभव त्यांना एका जागी टिकून राहिल्यामुळे आले. दर सहा महिन्यांनी देश बदलणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाहीत, कारण त्याची प्रत्येक ठिकाणची सुरुवात एकसारखीच असते. 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. तेव्हा हा कित्ता प्रत्येकाने गिरवावा असे मी म्हणणार नाही. धाडस आणि टिकून राहणे एकाच माणसात नांदू शकतात, एवढ्यापुरताच त्यांचा दाखला दिला.

पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे. ज्याची मजुरी मागावरून उतरलेल्या मालावर ठरते किंवा जिला हजार विड्यांमागे पैसे मिळतात, त्यांच्यापुढे प्रश्न कामाच्या तासांचा आणि दराचा आहे; त्यावर लेख हा इलाज नव्हे. तरीही कामगाराला ध्यास परवडत नाही, हे आपले गृहीतक मला मान्य नाही. पाळी संपवून भजनी मंडळात पखवाज शिकणारे, तालमीत जाणारे, रजा साठवून वारी करणारे लोक आपल्याच गल्लीत राहतात. (त्यांना कोणी 'आपली आवड शोधा' असे सांगितलेले नसते, हे बहुधा त्यांचे भाग्यच.)

माझ्या मते आपल्यासारख्या शहरात धाडसाची खरी किंमत रुपयांत मोजली जात नाही. ओळखीच्या माणसांसमोर नवशिके दिसण्याची तयारी, ही ती किंमत. मी उतारवयात तेलुगू, म्हणजे पूर्व भागातल्या विणकरांची भाषा, लिहा-वाचायला घेतली. खर्च एका पाटीपुस्तकाचा. शिकवणाऱ्या शेजारच्या आजी, विड्या वळता वळता माझ्या चुका मोजणाऱ्या. गोल गोल अक्षरे जमली, पण जोडाक्षरातला दुसरा वर्ण खाली लोंबतो, त्या 'ओत्तुलू'पाशी मी फार काळ रखडलो, आणि त्यांची नातवंडे माझी वही बघून उघड हसत. तो काळ कंटाळवाणा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. रोज संध्याकाळी येईन असा शब्द आजींना दिला नसता, तर मी नक्कीच सोडून दिले असते. पुढे कधीतरी नारळी पौर्णिमेला त्याच विणकर समाजाच्या मार्कंडेय रथोत्सवात कमानींवरचा मजकूर वाचता आला आणि इतकी वर्षे ज्या शहरात राहिलो त्याचा अर्धा भाग मी वाचलाच नव्हता, हे ध्यानात आले. तेव्हापासून मला कोणी ओढून न्यावे लागत नाही.

ध्यासाने माणूस घरदार विसरतो, असाही एक टोला आपण हाणला आहे. रॉबर्ट व्हॅलरँड या मानसशास्त्रज्ञाने 2003 मध्ये दोन प्रकारच्या ध्यासांत फरक केला: एक, आयुष्यातल्या इतर गोष्टींना जागा ठेवणारा, दुसरा, माणसावर स्वार होणारा. दुसऱ्याविषयी आपले भय रास्त आहे. पण आपला पुतण्या त्या टोकापासून फार दूर आहे. त्याला अजून पहिलाही लाभलेला नाही.

म्हणून त्याला चौथी आवड सुचवू नये. कॅमेरा घरात आहेच. तर त्याने बार्शी रस्त्याने एसटीने नान्नजला जावे आणि तिथल्या माळरानावरचा एकच विषय धरावा. माळढोकाच्या मागे लागू नये, तो आता क्वचितच दिसतो. चंडोलासारखा साधा, मातकट पक्षी घ्यावा, ज्याचे चांगले छायाचित्र काढायला पहाट, चिकाटी आणि पक्ष्याच्या सवयींचा अभ्यास लागतो. पावसाळ्यापासून होळीपर्यंत, अशी मुदत त्याने स्वतः ठरवावी आणि ती संपेपर्यंत सोडायचे की धरायचे हा विषय घरात काढू नये. मुदत संपल्यावर त्याने कॅमेरा विकायचे ठरवले, तरी त्याला कोणी टोमणा मारणार नाही, एवढी हमी मात्र काका या नात्याने आपण आजच द्यावी.