बत्तीस फ्लॅट, दोन प्रगती आणि मधे मी

आमच्या सोसायटीत ३२ फ्लॅट आहेत आणि गेल्या महिन्यात मी तिचा निवडणूक अधिकारी झालो. झालो म्हणजे काय, मीटिंगला पाच मिनिटं उशिरा पोचलो तोवर ठराव पास झाला होता. २५० पर्यंत सभासद असले की निवडणूक सोसायटीनेच घ्यायची असते आणि अधिकारी असा लागतो जो स्वतः उभा राहणार नाही. थोडक्यात ज्याला काहीच नकोय असा माणूस, आणि तो अख्ख्या बिल्डिंगमध्ये मीच निघालो.

मला वाटलं अकरा जागा, एक रविवार, चिठ्ठ्या टाका, मोजा, घरी जा. पण 'चिठ्ठी' शब्द तोंडातून बाहेर पडला मात्र, ए विंगचे अण्णा आणि बी विंगचे काका दोघं एकदम उठले. आता या दोघांची गंमत अशी की २०२४ च्या लोकसभेला काकांच्या लोकांना भरभरून जागा मिळाल्या तेव्हा ईव्हीएम एकदम ठणठणीत होतं, नोव्हेंबरात विधानसभेला ते आपटले आणि साडेपाच महिन्यांत मशीन बिघडलं. अण्णा हसतात, पण २००९ ला हरल्यावर हेच अण्णा मशीनच्या नावाने बोटं मोडत जिने चढायचे, मी ऐकलंय.

काकांनी थेट परूर काढलं. केरळातलं परूर, १९८२, देशात पहिल्यांदा मशीन वापरलं तेही फक्त ५० केंद्रांवर, उमेदवार १२३ मतांनी निवडून आला, प्रकरण सुप्रीम कोर्टात, १९८४ ला निवडणूक रद्द, त्या केंद्रांवर कागदावर फेरमतदान आणि हरलेला जिंकला! अण्णा म्हणाले अहो मशीन खराब होतं म्हणून नाही, कायद्यात तरतूद नव्हती म्हणून रद्द झालं. (बरोबर आहे ते.) मग काकांनी मारकडवाडी काढली, विधानसभेनंतर कागदावर पुन्हा मतदान घ्यायला निघालेलं ते सोलापूरकडचं गाव, अण्णांनी जुन्या काळी गुंड मतपेट्या कशा पळवायचे ते काढलं, असं दीड तास. आमच्याकडे मशीन नाहीये हे मी दोनदा सांगून बघितलं. कुणीतरी म्हणालं व्हॉट्सॅपवर पोल टाका, तर त्यात कोणी कोणाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं म्हणून तो बारगळला. शेवटी चिठ्ठीच ठरली, फक्त काकांची एक अट, ईव्हीएमच्या शेजारी मताची चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट असतं तशी चिठ्ठी सात सेकंद दिसली पाहिजे. काका, चिठ्ठी तुम्हीच लिहिणार, तुमच्याच हातात असणार, सात काय सत्तर सेकंद बघा की! पण नाही, मिनिट्समध्ये नोंद पाहिजे.

मग नावं. हे दोघं पूर्वी एकाच 'प्रगती पॅनेल'मध्ये होते, पार्किंगवरून फुटले, आता दोघांनाही 'प्रगती'च पाहिजे. एक म्हणतो सभासद जास्त माझ्याकडे, दुसरा म्हणतो नाव मी सुचवलेलं. हे भांडण कुठेतरी बघितल्यासारखं वाटत असेल तर तुम्ही महाराष्ट्रातच राहता. मी कंसाचा तोडगा काढला, प्रगती (ए) आणि प्रगती (बी). रिपब्लिकन पक्षाचे गट कंसावरच ओळखायची आपल्याला सवय आहे, काँग्रेसनेही एकेकाळी इंदिरांचा आय कंसात लावलाच होता, मग तुम्हाला काय होतंय? तर म्हणे कंसात जायचं कुणी, तो गेला तर जाऊदे, मी मूळ. त्यात चिन्हं. काकांनी पंखा घेतला तर अण्णांच्या एका नाराजाने टेबलफॅन मागितला, की काका लगेच साताऱ्यावर. तिथे २०२४ च्या लोकसभेला तुतारी वाजवणारा माणूस विरुद्ध पिपाणी असा घोळ होऊन पिपाणीला विजयाच्या फरकापेक्षा जास्त मतं पडली होती. मी म्हटलं चिठ्ठीवर नावं लिहायचीयेत, चिन्हं लागत नाहीत. दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले की मीच कुणालातरी फितूर आहे.

उमेदवारीबद्दल काय बोलणार. चेअरमन व्हायला सहा जण इच्छुक, सेक्रेटरी व्हायला शून्य. कुणी म्हणे मी टँकरच्या काळापासूनचा निष्ठावंत, कुणी म्हणे बाप चेअरमन होता आता पोरगा, ही घराणेशाही. महिलांच्या दोन जागांवर दोघांनीही बायकोचं नाव परस्पर जाहीर करून टाकलं. काकू म्हणाल्या मला विचारलंत का, आणि अण्णांच्या मिसेसनी तर नवऱ्याने भरलेला फॉर्म सगळ्यांसमोर टराटरा फाडला. पक्षाची अधिकृत उमेदवारी देणाऱ्या एबी फॉर्मवरून एवढा राडा मोठमोठ्या पक्षांत पण होत नसेल.

शेवटचा दिवस, दुपारचे तीन. मी फॉर्म मोजले. अकरा जागा, फॉर्म सात. चेअरमन नाही झालो तर कमिटीचं काम गळ्यात पडेल म्हणून इच्छुकांतल्या बऱ्याच जणांनी भरलेच नव्हते. मतदानच नाही, सगळे बिनविरोध, उरलेल्या जागा नंतर बघू. मला हायसं वाटलं.

काका मात्र हलेनात. म्हणाले खोकं उघडून दाखवा. बुटांचं खोकं होतं, वर फट पाडून, चिकटपट्टी लावून मी दोन दिवस आधी जिन्याखाली ठेवलेलं. म्हटलं काका, मतदान झालेलंच नाही, आत काय असणार? पण अण्णा पण म्हणायला लागले उघडा उघडा, या एकाच मुद्द्यावर त्यांची युती झाली. उघडलं.

आत एक चिठ्ठी होती. वर लिहिलेलं, 'प्रगती'. कुठली ते लिहिलेलं नव्हतं.