सात दिवसांत साठचा स्पीड? आधी ते रबर सोडा

रविवारी सिडकोत ताईकडे गेलो तर भाची उजवा हात गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून बसलेली. तिची मराठी टायपिंगची ३०ची, म्हणजे मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा तोंडावर आलीय. काय झालं विचारलं तर मोबाईल पुढे केला. 'सात दिवसांत ६०चा स्पीड, क्लासवाले हे कधीच सांगणार नाहीत!' हा मेसेज मलाही तीन ग्रुपवर आला होता, मी हसून सोडून दिला. आता पोरीचं मनगट सुजल्यावर कसला हसतोय.

पहिलाच मुद्दा: 'बोटांना रबर बांधून रोज चार तास टाईप करा. दुखलं तरी थांबू नका, दुखणं म्हणजे बोटांत ताकद येतेय.'

ताकद कशाला हवीय? साध्या कीबोर्डचं बटण दाबायला पन्नास-साठ ग्रॅमचा भार पुरतो, म्हणजे एक लिंबू. मी सीबीएस बसस्टँडजवळच्या क्लासात टाइपरायटर मशीनवर शिकलो, तिथे करंगळीला खरंच जोर लावावा लागायचा. मशीन गेली, सल्ला मात्र फिरतोय. बोटं हलवणाऱ्या कंडरा मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जातात. त्यांना सूज आली की शेजारची नस दाबली जाते आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं. मुंग्या आल्या की हात उचलायचा. रात्री झोपेतही यायला लागल्या तर डॉक्टरकडे जायचं, ग्रुपवर विचारत बसायचं नाही.

'आधी स्पीड वाढवा, चुका आपोआप कमी होतात.' फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाने केंब्रिजच्या साथीने २०१८ साली १,६८,००० लोकांचे १३.६ कोटी खटके, म्हणजे बटण दाबण्याच्या वेळा, तपासले. वेगवान मंडळी चुकाही कमी करत होती. दुसरं म्हणजे, मागचं बोट उचलायच्या आधीच त्यांचं पुढचं बोट दाबलेलं असतं. रबराने बोटं एकमेकांना बांधली तर हे होणार कसं? आणि या लोकांची सरासरी निघाली ५२, तीसुद्धा इंग्रजीत. नवख्या माणसाने आठवड्यात ६० म्हणे!

मराठीत तर चूक अजून महाग पडते. 'महाराष्ट्र' घ्या. इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी अक्षरांच्या ठरलेल्या कीबोर्ड मांडणीवर, त्यातल्या 'ष्ट्र'ला पाच खटके लागतात: ष, पाय मोडायची खूण, ट, पुन्हा पाय मोडायची खूण, र. दुसरा खटका चुकला आणि र आल्यावर लक्षात आलं, तर चार वेळा बॅकस्पेस आणि चार खटके नव्याने. पाचाचे झाले तेरा. भाचीचं नेमकं तिथेच अडत होतं. पाय मोडायची खूण डाव्या मधल्या बोटाखाली असते आणि ती दरवेळी तर्जनीने दाबत होती, म्हणजे तिथे ऱ्हस्व वेलांटी उमटायची.

'कीबोर्ड कापडाने झाका.' बरं, हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. नजर कागदावर राहिली तरच ओळ चुकत नाही. पण आधी जागा बोटात बसायला हव्यात. एफ आणि जे या बटणांवरचे उंचवटे त्यासाठीच असतात. मराठीत तिथे ऱ्हस्व वेलांटी आणि र. बोटं आपोआप तिथे परतायला लागली की झाका खुशाल.

'दहा बोटांशिवाय स्पीड येतच नाही.' वरच्याच अभ्यासात क्लास केलेले आणि आपले आपण शिकलेले वेगात जवळपास सारखेच निघाले. शिकतच असाल तर दहा बोटांनी शिका, पण 'येतच नाही' हे खोटं.

'महागडा मेकॅनिकल कीबोर्ड घ्या.' ज्याला हौस असेल त्याने घ्यावा. परीक्षेला सेंटरवर असेल त्याच कीबोर्डवर बसायचंय.

भाचीचं टायपिंग मी चार दिवस बंद केलंय. नंतर सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस, तेही नुसती जोडाक्षरं, घड्याळ न लावता. रबरं ताईने दुधाच्या पिशव्यांना लावली.