सिस्टिम अद्ययावत आहे!

‘सिस्टिम अद्ययावत आहे’ असं स्क्रीनवर झळकलं की समजावं, काहीतरी बंद पडलंय. नेमकं काय, एवढंच शोधायचं बाकी असतं.

या खेपेला पाळी फोटोंच्या ॲपवर आली. आयकॉनवर क्लिक केलं; कर्सरशेजारी चक्र फिरलं, थांबलं, संपलं. विंडो नाही, एरर नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरची ॲप्स मरतानासुद्धा मूग गिळून मरतात. बोलतं करायचं तर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, न्यावं लागतं.

हितचिंतक मात्र तत्पर. एक म्हणाला, ‘सेटिंग्जचं फोल्डर उडव.’ दुसरा म्हणाला, ‘ग्राफिक्स ड्रायव्हर बदल.’ दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला!

टर्मिनलने एका ओळीत निकाल दिला: ‘लिबआयसीयूयूसी डॉट एसओ डॉट ७४’ नावाची फाइल सापडत नाही. ‘एलडीडी’ कमांडनेही तेच सांगितलं. लायब्रऱ्यांची, म्हणजे ॲप ज्यांच्यावर विसंबतं त्या तयार कोडच्या फाइलींची, लांबलचक यादी, प्रत्येकीसमोर पत्ता, आणि हिच्यासमोर ‘नॉट फाउंड’. ही फाइल आयसीयूची. आयसीयू म्हणजे जगभरच्या लिप्या, वर्णक्रम आणि तारखा सांभाळणारी लायब्ररी. दर नव्या आवृत्तीला तिच्या फाइलच्या नावातला आकडा बदलतो. अपडेटने नवी आणली, जुनी हाकलली. वितरणाने, म्हणजे लिनक्स आणि ॲप्स एकत्र जुळवून देणाऱ्या मंडळींनी, स्वतःची सगळी पॅकेजेस नव्या लायब्ररीशी जुळवून पुन्हा बांधली होती. माझं ॲप बाहेरून आणलेलं, त्यामुळे त्याला कुणी विचारलंच नाही.

यावर एक जुगाड सर्रास सांगितला जातो: नव्या फाइलला जुन्या नावाची लिंक द्यायची. काही लायब्रऱ्यांच्या बाबतीत खपूनही जातं. पण आयसीयूवाले पक्के! त्यांनी फंक्शनच्या नावांच्या शेपटीलाही आवृत्तीचा आकडा चिकटवलाय. म्हणजे ॲप दारातून आत शिरतं, ‘७४’वाल्या फंक्शनला हाक मारतं आणि आतून उत्तर येतं, असं इथे कुणी राहत नाही. एरर तेवढी बदलली. टर्मिनलच्या जगात याला प्रगती म्हणतात.

गंमत अशी, की लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, नियम कडक आहे: कर्नल बदलला म्हणून लोकांचे चालते प्रोग्रॅम मोडता कामा नयेत. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्यावरून भल्याभल्यांची खरडपट्टी काढतात. पण कर्नल आणि ॲप यांच्या मधे लायब्रऱ्यांचं जे गणगोत बसलंय, त्यातल्या सगळ्यांनी काही ही शपथ घेतलेली नाही. खुद्द टोरवाल्ड्सनाही हा जाच चुकला नाही. पाण्याखाली डुबक्या मारणाऱ्यांसाठी त्यांनी ‘सबसर्फेस’ नावाचं ॲप सुरू केलं. डेबियन या लिनक्स वितरणाच्या २०१४ च्या डेबकॉन्फ परिषदेत त्यांनी सांगून टाकलं, की विंडोज आणि मॅकसाठी आम्ही तयार फाइल देतो, लिनक्ससाठी जवळपास नाहीच. फार कटकट आहे. हे ऐकून मला जो दिलासा मिळाला, तो कुठल्याही मॅन्युअलने दिला नव्हता.

शेवटी त्याच ॲपची फ्लॅटपॅक आवृत्ती उतरवली. ती आपल्या लायब्रऱ्यांची सोय स्वतःच करून येते, सिस्टिमच्या तोंडाकडे बघत नाही. डिस्कवरची जागा कुरतडली गेली, पण ॲप पहिल्या क्लिकला उघडलं. फक्त त्यात एकही फोटो नव्हता. फ्लॅटपॅकचं ॲप कुंपणात राहतं. परवानगी दिल्याशिवाय त्याला दुसऱ्या डिस्कवरचं फोल्डर दिसत नाही. परवानगी देण्याची कमांड टर्मिनलमध्येच टाइप करायची असते.