कॅमेऱ्यानं ओळखलं म्हणजे चोर सापडला?

शेतातल्या पाण्याच्या मोटारी चोरीला गेल्यापासून आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: "आता पोलिसांकडे चेहरा ओळखणारं मशीन आहे. ते चुकत नाही, जातपात पाहत नाही. ज्यानं काही केलं नाही त्याला भीती कशाची?" चोर सापडावा असं मलाही वाटतं. राज्यानं 2024 मध्ये नागपुरात पोलिसांसाठी 'मार्वल' ही एआय कंपनी काढली, म्हणजे असलं तंत्र आपल्या ठाण्यापर्यंतही पोचेल. म्हणूनच हा मेसेज असाच पुढे ढकलू नका.

"चुकत नाही." मशीन फक्त नोंदीतल्या फोटोंशी साम्य मोजतं. खरा चोर नोंदीत नसला, तरी त्याच्यासारखा दिसणारा कोणीतरी वर येऊ शकतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी जानेवारी 2020 मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांना घड्याळचोरीसाठी बायको-मुलींसमोर घरून उचललं. जुळणी चुकीची होती. वर ज्या बाईनं फोटोंतून त्यांना 'ओळखलं', तिनं चोरी होताना पाहिलीच नव्हती, फक्त फुटेज पाहिलं होतं. 2024 च्या तडजोडीत तिथल्या पोलिसांना मान्य करावं लागलं की नुसत्या जुळणीवर अटक नाही.

आणि आपलं फुटेज कसं असतं? चौकातल्या खांबावरचा कॅमेरा, रात्री समोरून गाडीचा लाइट आला की चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग. उन्हाळ्यात तर दुपट्ट्यातून डोळेच तेवढे दिसतात.

"जातपात पाहत नाही." अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेनं 2019 मध्ये तपासलेल्या कित्येक प्रणाली आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांची चुकीची जुळणी गोऱ्यांपेक्षा 10 ते 100 पट जास्त करत होत्या. पण मला त्याहून मोठी काळजी नोंदीची आहे. 1871 च्या कायद्यानं पारध्यांसारख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला, तरी आजही चोरी झाली की पहिला संशय पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवरच. ज्यांना पुन्हा पुन्हा ठाण्यात नेलं, त्यांचेच फोटो नोंदीत जास्त असणार. मग मशीन दुसरं कोणाला शोधणार?

"भीती कशाची?" ऐन वेचणीत आठ दिवस ठाण्याच्या चकरा मारणाऱ्या मजुराला विचारा. मजुरी बुडते, आणि सुटून आला तरी गावात नाव खराब झालेलं असतं.

जुळणी हा धागा म्हणून जरूर वापरा. त्यानंतर मोबाइलचं लोकेशन पाहा, मोटार कोणत्या भंगारवाल्याकडे विकली ते शोधा. ओळख परेडआधी साक्षीदाराला तो फोटो दाखवू नका. जुळणी किती टक्के होती ते केस डायरीत लिहा, आणि आरोपीच्या वकिलालाही सांगा. ग्रामसभेत कॅमेऱ्याचा ठराव येईल, तेव्हा ठाणेदारसाहेबांना मी हेच विचारणार आहे.